शिवनेवरची मरळ कोणाची

मामा, तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या माणसांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, अन् ती खोटी होती. "हात एवढा थरथरत होता, तरी भर वाऱ्यापावसात शिवना नदीत गळ टाकून मरळ काढली माणसानं." गल्लीतल्यांनी सांगितली, तुमच्या कंपनीतल्या जुन्या मित्रांनी सांगितली, बोलायला उभ्या राहिलेल्या गुरुजींनी तर माईकवरून सांगितली. मी चहाचा ट्रे घेऊन फिरत होते. ज्यानं ज्यानं ती गोष्ट काढली त्याला कप दिला, मान हलवली अन् पुढं सरकले. खोटं माझंच होतं. सात महिन्यांपूर्वी मीच ते घरात आणलं होतं, अन् आता तुमच्या फोटोसमोर लोक डोळे पुसत ते एकमेकांना सांगत होते.

बारा वर्षं मी तुमची सून. तुम्हाला तोंडावर उत्तर देण्यात मी कधी कमी पडले नाय. एसटीत कंडक्टर असलेल्या बाईला तोंड नसून चालतच नाय, हे तुम्हीच म्हणायचे. पण त्या एका दिवसाबद्दल आपण दोघंही गप्प राहिलो. मला वाटायचं तुम्ही रागावलाय. तुम्हाला काय वाटत होतं ते मला परवा कळलं, म्हणून हे लिहायला बसले. मी बोलत असताना तुम्ही मधे बोलणार नाय, असं आपल्यात पहिल्यांदाच होतंय.

लग्न होऊन आले त्याच्या चौथ्या का पाचव्या दिवशी आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्या हातात चहा दिला. म्हणाल्या, "जा, गच्चीवर दे मामांना. काही दिसलं तरी घाबरू नको." वर येऊन बघते तर तुम्ही बनियनवर उभे. हातात लांबलचक, लवचिक काठी, तिला पिवळी जाड दोरी, दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला परात ठेवलेली. दोरी मागं जायची, हवेत सरळ व्हायची, पुढं यायची अन् लोकर परातीत पडायची. परात वाजायचीसुद्धा नाय. नवी नवरी होते, पण मला हसू आवरलं नाय.

"हसते काय? टाकून बघ," तुम्ही म्हणालात, अन् काठी माझ्या हातात दिली.

मी टाकली. दोरी शेजारणीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांत गेली अन् एक कुरडई अडकवून घेऊन परत आली. मला वाटलं, झालं, माहेरी जायची वेळ आली. तुम्ही कुरडई सोडवली, कच्चीच तोंडात टाकली अन् म्हणालात, "पहिल्याच दिवशी कायतरी आणलं की." त्या दिवसापासून तुमची भीती गेली ती गेलीच.

तुमचा तो नाद अख्ख्या हर्सूलात कुणाला नव्हता. चिकलठाण्याच्या कंपनीत मशीन बसवायला आलेला एक गोरा साहेब जाताना काठी तुम्हाला देऊन गेला, कारण टूलरूममधल्या साऱ्या माणसांत तुम्ही एकट्यानं त्याला विचारलं होतं की सुट्टीच्या दिवशी तू करतो काय. लोक गांडूळ लावतात, कणीक लावतात. तुम्ही गळाला कोंबड्याची पिसं अन् धागा बांधून माशी करायचात. चिकनच्या दुकानात जाऊन मानेची पिसं निवडून मागणारा माणूस त्या दुकानदारानं जन्मात पाहिला नसेल. धागा मात्र गुलमंडीचा. तिथं सलीमभाईंचं गोटा, जर, बटणांचं दुकान. तुम्ही दोघं लहानपणी एका शाळेत होता. ब्लाउजला मॅचिंग बघायला आलेल्या बायकांच्या गर्दीत उभं राहून तुम्ही सोनेरी जर उन्हात धरून बघायचात, अन् बायका तुमच्याकडं बघायच्या.

एवढं करून धरलेला मासा तुम्ही सोडून द्यायचात. गळाला एक उलटा काटा असतो, मासा निसटू नये म्हणून. तो तुम्ही पकडीनं दाबून सपाट करायचात, प्रत्येक गळाचा, न चुकता. लोकांना हे पटणं शक्यच नव्हतं. "मरळ सोडली? पाण्यात? हातातली?" असं विचारताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

आत्यांना तर तुमचं धरणंही पटत नव्हतं अन् सोडणंही. तीस वर्षांचं तुमचं ते भांडण मी रोज नाय तरी दर रविवारी ऐकलं. "सकाळी पंचशील म्हणायचं अन् दुपारी गळ टाकायचा," असं त्या म्हणायच्या. तुम्ही म्हणायचात, "मारत नाय मी. सोडतो." त्या म्हणायच्या, "त्याच्या तोंडाला विचारून या एकदा, मग सांगा मला." मग, मामा, तुम्ही चपला शोधायला लागायचात. गळाची एक पेटी कधी देव्हाऱ्याच्या, नाय, बुद्धांच्या फोटोच्या खोलीत आली तर आत्या ती चिमटीत धरून बाहेर ठेवायच्या. हे भांडण तुमच्या जिवंतपणी मिटलं नाय.

मला तुम्ही शिकवलंत ते हट्टानं. तुमच्या चिरंजीवांना पाण्याचा कंटाळा, बाकी कुणाला वेळ नाय, राहिले मी. माझी साप्ताहिक सुट्टी असली की हर्सूलच्या तलावावर जायचं. दोरी टाकायला मी लवकर शिकले, पण माशानं माशीला तोंड लावलं रे लावलं की माझा हात आपोआप दोनदा वर जायचा. डबल बेल. गाडी सुटते तसा मासा सुटायचा. एकदा, दोनदा, दहादा. एवढा साधा हात मला वळत नाय म्हणून मी चिडायचे, काठी खाली टाकायचे. तुम्ही ती उचलून पुसायचात.

"प्रवासी पायरीवर असताना तू बेल देते का?"

"नाय देत."

"मग मरळीला का देते? तिला आत येऊ दे. बसू दे. मग दे."

इतक्या वर्षांत मी एकही मरळ काढली नाय. तुम्ही काढायचात, मी शेजारी उभी राहून बघायचे. तुमच्या उजव्या हातात काय होतं कोण जाणे. वारा असो, बाभळीची फांदी आडवी येवो, तुम्ही म्हणाल तिथं माशी पडायची. लोक देवाधर्माला जाऊन काय काय बघतात. मी माझ्या सासऱ्याचा हात बघितलाय, अन् मला अजून त्याचा गर्व आहे.

मग तोच हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात कळलं, मग सहीत. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गेल्या श्रावणात तुम्ही न्हाणीत घसरलात, अन् घरात कायदा झाला की मामांनी एकट्यानं गल्लीच्या बाहेर जायचं नाय अन् पाण्याजवळ तर मुळीच नाय. तुमच्या चिरंजीवांनी काठी माळ्यावर टाकली, पुढं गाद्या रचल्या. तुम्ही हू का चू केलं नाय. मला त्याचा राग आला. तुम्ही भांडायला पाहिजे होतं.

एका संध्याकाळी ड्युटीवरून आले तर तुम्ही खिडकीत बसून माशी बांधत होता. गळ पकडीत धरलेला, हातात जर. धागा गळाभोवती फिरवायचा, तो सुटायचा. परत फिरवायचा, परत सुटायचा. मी युनिफॉर्मवरच दारात उभी राहून बघितलं. तुम्हाला दिसले नाय. अर्ध्या तासात तुम्ही तीन वेढे घातले. मी आत जाऊन तोंड धुतलं, भाजी चिरायला घेतली, अन् कांदा नसताना माझे डोळे वाहत होते. जेवताना म्हणाले, "मामा, परवा माझी सुट्टी आहे."

"मग?"

"मग काय. लासूर स्टेशनला तुमच्या धाकट्या बहिणीकडं जाऊन येऊ."

तुम्ही माझ्याकडं बघितलं. लासूरला तुमची बहीण आहे, तशी शिवना नदीपण आहे. "जाऊ," एवढंच म्हणालात. सुट्टी परवा होती अन् बूट तुम्ही त्याच संध्याकाळी पॉलिश केले.

निघताना आत्यांनी प्लास्टिकचा पाईप बघितला. काठी ठेवायला तुम्हीच केला होता तो, दोन्हीकडून झाकणं लावून. "हे कशाला?" म्हणाल्या. मी म्हटलं, "त्यांच्या नळाला लागतोय." आत्यांनी पाईपकडं बघितलं, तुमच्या पॉलिश केलेल्या बुटांकडं बघितलं, अन् भाकरीच्या डब्यात एक जास्तीची भाकरी ठेवली. त्यांना किती कळलं होतं हे मी आजवर विचारलं नाय.

पॅसेंजरमधून उतरलो तेव्हाच आभाळ भरून आलेलं. दसरा जवळ आला तरी पाऊस परतायचं नाव घेत नव्हता. बंधाऱ्यापर्यंत रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "काका, असल्या हवेत कुणी येत नाय इकडं." तुम्ही म्हणालात, "म्हणून तर आलो." चेहरा असा खुलला होता की मला पोचायच्या आधीच बरं वाटलं.

नदी एकदम शांत होती. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी थांबलेलं, किंचित गढूळ, कडेला लव्हाळी. माणूस नाय, ढोर नाय. वारा मात्र समोरून, अन् पाऊस बारीक, तिरपा. मी तुम्हाला माझा रेनकोट घातला, त्यावर तुमची कानटोपी. मी प्लास्टिकचं पोतं डोक्यावर घेतलं. तुम्ही काठी जोडली. जोडायला लागलेला वेळ मी नदीकडं बघत काढला, म्हणजे तुम्हाला घाई वाटू नये.

मग तुम्ही टाकायला लागलात, अन् मामा, खरं सांगते, मला तिथून पळून जावंसं वाटलं. दोरी मागं जायची अन् हात थरथरला की तिचा गोळा होऊन तुमच्याच पायात पडायची. पुढं गेली तर वारा ती परत आणून रेनकोटवर टाकायचा. बाभळीला तीनदा अडकली. मी सोडवून दिली. चौथ्यांदा सोडवताना म्हटलं, "मामा, थोडं बसू. भाकरी खाऊ."

"तुला भूक लागली का?"

"नाय."

"मग बस तू."

दोन तास तुम्ही टाकत होता. ओठ निळे पडलेले. मी मनात स्वतःला शिव्या देत होते, कशाला आणलं ह्या माणसाला, घरी गादीवर बसून निदान आपला हात पूर्वीसारखाच आहे असं तरी वाटलं असतं. अन् तेवढ्यात तुम्ही थांबलात. कोपर पोटाशी घट्ट दाबलंत. डाव्या हातानं उजवं मनगट धरलंत. वारा पडायची वाट बघितलीत. तो क्षणभर पडला, अन् तुम्ही टाकली.

दोरी मागं गेली, सरळ झाली, पुढं आली. माशी लव्हाळ्याच्या कडेला, वीतभर अलीकडं, पाण्यावर बसली. वर्तुळसुद्धा उठलं नाय. गच्चीवरच्या परातीत पडायची तशीच.

मासा आला नाय. तुम्हाला त्याचं काहीच नव्हतं. माझ्याकडं वळून म्हणालात, "बघितलं का?"

"बघितलं, मामा."

"झालं मग. आता तू टाक."

मी टाकली. कितव्यांदा आठवत नाय, पण तुम्ही टाकली होती त्याच जागी पडली असावी, कारण पाणी फुगलं अन् माशी गेली. माझा हात उचलला गेला, जाणारच होता, अन् तुम्ही शेजारून हळूच म्हणालात, "पायरीवर आहे." मी थांबले. एवढी वर्षं जमलं नव्हतं ते जमलं. दोरी सरकायला लागली, ताणली, मग मी हात उचलला, एकदाच. काठी कमानीसारखी वाकली. मरळ होती, मोठी होती, अन् ती माझ्या हातात होती.

आता मी काय केलं ते ऐका. तुम्हाला माहीत आहे, तरी मला ते माझ्या तोंडानं सांगायचंय. मी काठी तुमच्या छातीशी नेली अन् म्हटलं, "मामा, धरा. तुम्ही काढा."

तुम्ही दोन्ही हात पाठीमागं नेले.

"धरा ना. जाईल ती."

"जाऊ दे. माझा मासा नाय तो."

"कोण बघतंय इथं? धरा."

"सुजाता," तुम्ही म्हणालात. मला नावानं तुम्ही फार कमी वेळा हाक मारली. "मला भीक घालू नको."

काठीवरचं दोरीचं रीळ ओरडत होतं, मरळ लव्हाळ्यात शिरायला बघत होती, पाऊस वाढलेला, अन् आपण सासरा-सून तिथं भांडत होतो. मी रडत होते. मी म्हटलं, एवढं पण माझं ऐकणार नाय का, एवढं आणलं मी तुम्हाला, चोरून आणलं. तुम्ही म्हणालात, "आणलंस ते लई केलंस. आता तुझं काम कर. डावीकडं वळव तिला." आवाज टूलरूममधला होता. मी डावीकडं वळवली. तुम्ही सांगत गेलात, सोड, घे, सोड, अन् मी करत गेले. काठीला तुम्ही बोटसुद्धा लावलं नाय.

कडेला आणल्यावर मात्र तुम्ही गुडघे चिखलात टेकले. हात आधी पाण्यात ओले केले. कोरड्या हातानं मासा धरायचा नाय, हे तुमचं पहिल्या दिवसापासूनचं. हात थरथरत होता, पण उलटा काटा दाबलेला, त्यामुळं गळ सहज निघाला. मरळ तुमच्या दोन तळहातांत पाण्याखाली उभी राहिली, काळी, पाठीवर ठिपके, गलफडं उघडत, मिटत. मग शेपटी हलली अन् ती गेली. फोटो नाय. फोन पिशवीत, पिशवी भाकरीच्या डब्याखाली. दोरीची माशी तुम्ही गळासकट कापून घेतली अन् खिशात टाकली.

स्टेशनवर चहा घेताना मी पुन्हा सुरू केलं. "घरी सांगायचं, तुम्ही काढली."

"मी खोटं बोलणार नाय."

"तुम्ही बोलूच नका. मी बोलते."

घरात पाय ठेवला तर तुमचे चिरंजीव दारातच उभे. तुमच्या बहिणीकडं फोन झालेला, आपण तिथं गेलोच नव्हतो हे कळलेलं. तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले, दातावर दात वाजतायत. चिरंजीव माझ्यावर जे सुरू झाले, ते मी लिहीत नाय. त्यांची भीती खरी होती. आत्या टॉवेल घेऊन धावल्या. अन् मी म्हटलं, "रागवा नंतर. आधी ऐका. मामांनी मरळ काढली. एवढी. एकट्यानं."

तुमचा मुलगा मग जवळ आला, तुमच्या उजव्या हाताला हात लावला. "खरंच, बाबा?" तुम्ही माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस खरं बोलणार. तुम्ही आत्यांच्या हातातून टॉवेल घेतलात अन् पाय धुवायला गेलात.

तुम्हाला आठ दिवस खोकला झाला, तो मी जिवाला लावून घेतला. आत्यांनी काढा केला, मी रोज रात्रपाळी टाळून वेळेवर घरी यायचे. तुम्ही बरे झालात. पण ती गोष्ट थांबेना. चिरंजीवांनी गल्लीत सांगितली, ऑफिसात सांगितली, सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगितली. बापाबद्दल एवढं छाती फुगवून बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून माझं तोंड आणखीच बंद झालं. अन् तुम्ही, विषय निघाला की उठून गच्चीवर जायचात. माझ्याशी भाजीचं बोलायचात, गाडीच्या वेळांचं बोलायचात, मरळीचं चुकूनसुद्धा नाय. मी तुमच्याकडून तुमचा शब्द काढून घेतला, असं मला वाटत राहिलं. खोटं न बोलणारा माणूस मी खोट्यात बसवला. माफी मागावी असं कितीदा आलं तोंडाशी. उद्या मागू म्हटलं, सुट्टीला मागू म्हटलं. एका सकाळी तुम्ही चहाला उठलाच नाय.

कार्यक्रमाच्या दिवशी सलीमभाई सगळ्यात मागं बसले होते. जाताना माझ्याजवळ थांबले. "बेटी, दुकान पे आना. अमानत है तुम्हारी." मला वाटलं, जरीचं रीळ वगैरे राहिलं असेल.

परवा ड्युटी संपवून गुलमंडीत गेले, युनिफॉर्मवरच. दुकानात दोन बायका काठ निवडत होत्या. मला बघून सलीमभाई त्या बायकांना म्हणाले, "यही है वो. शिवना की मरळ इसनेच निकाली." अन् त्या बायकांपैकी एक म्हणाली, "अगं बाई, ती सून तूच का? तुझे सासरे सांगायचे ना."

सलीमभाईंनी स्टूल दिलं. सांगायला लागले. दर महिन्याला तुम्ही यायचात, जर बघायला. आता बांधता येत नव्हतं तरी यायचात. अन् जे गिऱ्हाईक उभं असेल त्याला धरून सांगायचात. वारा कसा होता, मी कशी थांबले, रीळ कसं ओरडलं. दोन्ही हात पसरून मरळ दाखवायचात. "हर बार उत्तीच," सलीमभाई म्हणाले, "एक बोट भी नै बढ़ाई उसने." मग बटणांच्या डब्यांमागून त्यांनी सुपारीची एक जुनी पितळी डबी काढली. उघडली. आत कापसावर ती माशी. पिसं विस्कटलेली, जर एका बाजूनं सुटलेली. तुम्ही त्या खिडकीत अर्ध्या तासात तीन वेढे घातले होते, तीच ती. त्या दिवशी मी टाकली ती माशी तुम्ही त्या हातानं बांधलेली शेवटची होती, हे मला तिथं स्टुलावर बसून कळलं.

"घर पे क्यों नहीं रखी?" मी विचारलं.

"मैंने भी पूछा था. बोला, घर में झूठ चल रा है, सलीम. सच इधर रैने दे."

"इतना था तो घर पे बोल देते."

सलीमभाईंनी चष्मा काढून पुसला. "वो भी पूछा. बोला, बहू ने इज्जत दी है, उसके मुँह पे वापस कैसे करूँ."

मामा, मी त्या दुकानात, परक्या बायकांसमोर, युनिफॉर्मवर हमसून हमसून रडले. सात महिने मी समजत होते की तुम्ही माझ्यावर रुसलाय. अन् तुम्ही गुलमंडीत उभे राहून माझी मरळ साऱ्या शहराला दाखवत होता.

डबीच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली. अक्षर तुमचंच, सगळं हललेलं, एक ओळ वर तर एक खाली. "सुजाताची मरळ. शिवना. वारा लई. मी शेजारी होतो."

घरी आले. तुमचे चिरंजीव अन् आत्या जेवायला बसत होते. मी ताटं बाजूला सारली, डबी मधे ठेवली अन् उभ्यानंच सांगितलं. ती मरळ मामांनी नाय, मी काढली. मी खोटं बोलले. त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले, तुम्हाला बरं वाटावं म्हणूनपण बोलले, अन् तुमचा ओरडा चुकावा म्हणूनसुद्धा. मामांनी काठीला हात लावला नाय. मी दिली तरी घेतली नाय. दोन तासांत एकदाच त्यांना नीट टाकता आली, पण ती जी टाकली तशी मला अजून जमत नाय. हे सगळं मी एका दमात बोलले, थांबे ओरडते तसं.

तुमच्या मुलानं चिठ्ठी वाचली, परत वाचली. मग म्हणाला, "मला शिकवशील का टाकायला?" मी म्हटलं, आधी माळ्यावरच्या गाद्या काढा. काठी आज खाली आली. कोपऱ्यात उभी आहे.

आत्यांनी डबी जवळ ओढली. मला वाटलं, चिमटीत धरून बाहेर ठेवतील. त्यांनी माशी उचलली, गळावरून अंगठा फिरवला, परत फिरवला. तीस वर्षांत त्यांनी कधी गळाला हात लावला नव्हता.

"ह्याला उलटा काटा नाय की," त्या म्हणाल्या.

"नाय. प्रत्येकाचा दाबायचे मामा."

आत्यांनी डबी उचलून आत नेली अन् तुमच्या फोटोपुढं ठेवली, बुद्धांच्या फोटोच्या खोलीत. परत आल्या, पाट ओढून बसल्या, माझ्या ताटात भाकरी वाढली. मग जेवता जेवता एकदम विचारलं, "अन् एवढी मरळ तू एकटी काढत होतीस, तर हे काय करत होते?"

मी म्हटलं, "शेजारी होते."